काचेत उलटं दिसतं

“वाकून बघा, आबा. डोळा चिकटवायचा न्हाई, नुसतं वरनं खाली बघायचं.”

आबांनी फक्कीचं घमेलं बाजूला ठेवलं, हात झटकले आणि तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यावर ते बेताबेताने वाकले. सकाळचे साडेसात वाजले होते. जानेवारीचा महिना, मैदानावर आम्ही दोघंच. मी समोरच्या रिकाम्या खुर्च्यांपुढे जाऊन उभा राहिलो आणि एक पाऊल बाजूला सरकलो.

“आरं तिच्या,” आबा काचेतच बघत म्हणाले, “तू हिकडं सरकलास आन काचंत तिकडं गेलास.”

“काचंत उलटं दिसतं. डावं ते उजवं.”

“डोकं खाली, पाय वर, असं न्हाई?”

“न्हाई. निस्तं डावं-उजवं.”

“मंग तुझा घोळ हुत न्हाई व्हय? एखाद्याला म्हनायचं हिकडं सरक, आन तो जायाचा भलतीकडंच.”

“आधी व्हायचा. पहिला महिनाभर मी समद्यांना उलटंच सरकवत हुतो. आता हाताला सवय झालीया. झोपेतनं उठवून इचारलं तरी चुकायचो न्हाई.”

“झोपेत कोन फोटो काढतंय,” आबा म्हणाले आणि पुन्हा काचेत बघायला लागले. त्यांना ती काच सोडवेना. रिकाम्या खुर्च्या, मागे शाळेची कौलं, ध्वजाचा खांब, सगळं त्या तळहाताएवढ्या चौकोनात. चौतीस वर्षं रोज बघितलेली शाळा ते नव्याने बघत होते.

आबा, माझे वडील, विट्याच्या आमच्या हायस्कुलात शिपाई होते. घंटा देणं, वर्ग झाडणं, पाण्याची टाकी भरणं आणि खेळाच्या दिवशी मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारणं ही त्यांची कामं. रेघ मारावी तर आबांनीच. दोरी न लावता शंभर मीटर सरळ जायची. दरवर्षी संमेलनात शाळेचा ग्रुप फोटो निघायचा तेव्हा खुर्च्या मांडायच्या त्यांनी, बाकं वाहायची त्यांनी आणि मग फोटोवाल्याच्या मागे उभं राहून ओठांवर बोट ठेवून पोरांना गप्प करायचं तेही त्यांनीच. चौतीस वर्षांत चौतीस फोटो निघाले आणि एकातही आबा नव्हते.

ते वर्ष मात्र शाळेचं पन्नासावं होतं. हेडमास्तर निकम सरांनी मीटिंगमध्येच जाहीर केलं होतं, की या वेळी शिपाईसुद्धा फोटोत उभे राहणार, आणि फोटो मोठा करून ऑफिसात लावायचा. आबा मे महिन्यात रिटायर होणार होते. त्यांनी त्या दिवशी आईकडून पेटीतला लग्नातला काळा कोट काढून घेतला होता आणि तो घालूनच सकाळपासून फक्की मारत होते. डावी बाही कोपरापर्यंत पांढरी झाली होती.

“कोट तरी नंतर घालायचा,” मी म्हणालो.

“मंग गडबडीत ऱ्हायचा. आन ह्या डब्या कसल्या रं?”

डब्या म्हणजे लेन्स. आमच्या गावात कुणी तसला कॅमेरा बघितला नव्हता. माझा स्वतःचा जुना यशिका होता, त्यातही वरून काचेतच बघायचं आणि उलटंच दिसायचं, पण हा मामिया. दोन डोळ्यांचा, आणि त्याचे डोळे जोडीने काढून दुसरे बसवता यायचे. वरच्या डोळ्याने बघायचं, खालच्याने काढायचं. एकशे वीसचा रोल आणि रोलला मोजून बारा फोटो. तो माझा नव्हता. पुण्याच्या परचुऱ्यांनी महिनाभरासाठी दिला होता.

परचुऱ्यांचे वडील कधीकाळी विट्याला मामलेदार कचेरीत होते, तेव्हा परचुरे चौथीपर्यंत आमच्या गावात शिकले होते. आता पुण्यात त्यांचा मोठा स्टुडिओ होता. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी ते गावात आले, मी काढलेले फोटो त्यांनी बघितले आणि बॅगेतून हा कॅमेरा काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाले, महिनाभर वापरा, संमेलनाचा ग्रुप यावरच काढा, मी त्या दिवशी येतो, जमलं असेल तर पुण्याला चला. मला रात्रभर झोप लागली नव्हती.

“ही ऐंशीची,” मी आबांना दाखवलं. “रोजची लेन्स. आन ही पासष्टची. ही लावली की जागा जास्त मावती. मागं भिंत हाय, मला मागं सरकता येत न्हाई, म्हनून ग्रुपला हीच लावायची. समदी बसत्यात. फकस्त कडंची मानसं जरा जाड दिसत्यात.”

“मी कडंलाच हाय,” आबा म्हणाले. “ब्येस झालं. तुझी आई सारखी म्हनती वाळलाय, वाळलाय. फोटूत तरी भरल्यासारखा दिसंन.”

आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी घमेलं उचललं आणि मी काचेत बघून सांगेन तिथे ते खुणा करत गेले. पुढे खुर्च्या, मधली रांग जमिनीवर, मागची बाकांवर. मधल्या रांगेत माझ्या उजव्या हाताला अगदी टोकाची जागा त्यांची. तिथे त्यांनी रेघ न मारता फक्कीचा एक गोल काढला, पाय ठेवण्यापुरता. बाकीच्यांना रेघ आणि स्वतःला गोल. मी चेष्टा केली, तर म्हणाले, “पैलाच फोटो हाय लेका, चुकायला नगं.”

ऊन कुठून येईल तेही मी त्यांना सांगितलं. माणसांच्या तोंडावर ऊन आलं की सगळे डोळे मिचकावतात, म्हणून ऊन त्यांच्या पाठीमागून घ्यायचं. पण मग ते लेन्सवर येतं. कुणीतरी कॅमेऱ्यावर छत्री धरायला हवी.

“बघतो मी कोन ते,” आबा म्हणाले.

दहा वाजता परचुऱ्यांची फियाट फाटकातून आत आली. पांढरा शर्ट, गळ्यात चष्म्याची दोरी, पन्नाशीचे असतील. उतरल्या उतरल्या ते माझ्याकडेच आले. निकम सर, अध्यक्ष, सगळे तिकडे हार घेऊन उभे, आणि हे इकडे मामियाच्या काचेत वाकून बघतायत. माझी छाती फुगली.

इथे एक सांगायला हवं, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. महिन्यापूर्वी पहिल्या भेटीत परचुऱ्यांनी मला विचारलं होतं, “वडील काय करतात?” मी म्हणालो होतो, “शाळेत असतात.” ते म्हणाले, “शिक्षक? वा.” मी होही म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. नुसता हसलो. शाळेत आबांना सगळे ज्ञानूच म्हणायचे. निकम सर ज्ञानू म्हणत, पाचवीतली पोरं ज्ञानूमामा म्हणत, आडनाव कुणाच्या तोंडी नव्हतं. मी प्रल्हाद लोहार आणि ते ज्ञानू. परचुऱ्यांना कळायचं काही कारण नव्हतं. महिनाभर मी तो विषय मनाच्या कोपऱ्यात ढकलून ठेवला होता.

“पासष्ट लावलीत?” परचुऱ्यांनी विचारलं.

“हो. जागा कमी आहे.”

माझी भाषासुद्धा त्यांच्यासमोर बदलायची. हाय, न्हाई सगळं गळून पडायचं. मला त्याचा तेव्हा अभिमान वाटायचा.

“बरोबर. आणि हो, तुमचे वडील असतीलच ना या ग्रुपमध्ये? फोटो झाला की ओळख करून द्या. नाहीतर असं करा, पुण्याला प्रत घेऊन याल तेव्हा फोटोतच दाखवा. बघू मला ओळखता येतात का, तुमच्या चेहऱ्यावरून.”

ते हसत होते. मी तिकाटण्याचे स्क्रू उगाचच पुन्हा आवळले.

तोपर्यंत माणसं जमायला लागली होती. पुढे अध्यक्ष, निकम सर, पाहुणे. मागे शिक्षक, कारकून, शिपाई. आबा सगळ्यांना आपापल्या रेघेवर नेऊन उभे करत होते. काळा कोट, खाली खाकी पॅन्ट, डोक्यावर टोपी. कोट घरचा होता, पण पॅन्ट शिपायाची, सरकारीच होती. जांभळे सर मोठ्याने म्हणाले, “ज्ञानू, नवरदेव दिसतोयस रे,” आणि सगळी रांग हसली. आबाही हसले. मग ते आपल्या गोलात जाऊन उभे राहिले, दोन्ही पाय जुळवून, हात बाजूला सरळ, झेंडावंदनाला राहतात तसे.

मी काचेत बघितलं. काचेच्या डाव्या कडेला आबा. पासष्टच्या लेन्समध्ये ते खरोखरच जरा भरल्यासारखे दिसत होते. आणि त्यांची खाकी पॅन्ट गुडघ्यापर्यंत स्वच्छ दिसत होती.

मी बाजूचं बटण फिरवलं, तारेची कडी सोडली आणि पासष्टची जोडी उचलून काढली. ऐंशीची बसवली.

“का हो?” परचुऱ्यांनी विचारलं.

“कडेचे चेहरे फुगतायत,” मी म्हणालो. “पन्नास वर्षांचा फोटो आहे. ऑफिसात कायमचा लागणार. कडेची माणसं बिघडायला नकोत.”

परचुऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. “लोहार,” ते म्हणाले, “लेन्स कोणती लावतो यावरून मला माणूस कळतो. दहातले नऊजण सगळे मावतात म्हणून पासष्टच ठेवतील. तुम्ही चेहऱ्यांचा विचार केलात.”

माझी पुण्याची नोकरी त्या वाक्यात पक्की झाली. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, पण मला ते तिथेच कळलं होतं.

आता जागा पुरेना. मी भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरकलो. सगळ्यांना खांद्याला खांदा लावून दाटीवाटीने उभं केलं. तरी एक माणूस जास्त. मी निकम सरांजवळ जाऊन तसं सांगितलं. ते खुर्चीतूनच माझ्या कानाशी आले.

“अरे, तो पोपटशेठ मंडपवाला घुसलाय बघ मधल्या रांगेत, तुझ्या डाव्या टोकाला. मंडप टाकला म्हणून फोटोत उभा. त्याला काढ. ज्ञानूला हात लावू नकोस, त्याला मी शब्द दिलाय.”

“हो, सर.”

मी परत कॅमेऱ्याशी आलो. डाव्या टोकाला पोपटशेठ, आकाशी सफारी, तोंडात पान. उजव्या टोकाला आबा. काचेत बरोबर उलटं. परचुरे माझ्या खांद्याशी उभे होते. निकम सर पुढे खुर्चीत बसलेले, त्यांना आपल्या पाठीमागच्या रांगांची टोकं दिसणं शक्य नव्हतं.

मी मान वर केली आणि उजवा हात वर केला.

“शेवटचे, जरा बाहेर या.”

आबांनी आधी आपल्या पायाखाली बघितलं. गोलातच होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं नाही, छातीच्या बटणांकडे बघितलं, आणि हाताने पुन्हा तीच खूण केली. बाहेर.

ते बाहेर आले. शेजारचे जांभळे सर काहीतरी म्हणायला लागले, तर आबांनी त्यांना हातानेच गप्प केलं, ओठांवर बोट ठेवून, पोरांना करतात तसं. मग ते वळसा घालून माझ्या बाजूला आले. भिंतीला छत्री टेकवून ठेवलेली होती. ती त्यांनी उघडली आणि माझ्या शेजारी उभं राहून कॅमेऱ्यावर धरली. छत्री धरायला कोण, ते त्यांनी बघायचं ठरलं होतं, आणि ते विसरलो होतो मी. त्यांनी ती लेन्सवर बरोबर सावली पडेल अशी धरली. सकाळी मी एकदाच सांगितलं होतं.

परचुरे काचेत वाकले. “छान. भरगच्च. आता दाखवा बरं, यातले वडील कोणते?”

छत्रीची मूठ माझ्या कानापासून वीतभर लांब होती. फक्की लागलेली काळी बाही मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होती.

“यात नाहीत,” मी म्हणालो.

आणि हे खोटं नव्हतं. ते खोटं ठरू नये याची मी दोन मिनिटांपूर्वीच तजवीज केली होती.

“अरेरे. आज आले नाहीत?”

मी नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांना कळलं नसावं, आणि मला ते तसंच हवं होतं. छत्री हलली नाही. मी स्वतःला समजावलं, की बँडवाल्यांची तालीम चालली होती, आबांना ऐकू गेलं नसेल. मग मी मोठ्याने म्हणालो, “सगळ्यांनी इकडे बघा,” आणि चार फोटो काढले.

रोल मी त्याच दिवशी धुतला. निगेटिव्ह उत्तम होती. मोठा फोटो काढायला कागद लावला तेव्हा उजव्या कडेला, अगदी टोकाशी, जमिनीवर फक्कीचा अर्धा गोल दिसला. रिकामा. मी एन्लार्जरखालचा कागद अर्धा इंच सरकवला आणि तोही कापला.

आठ दिवसांनी फोटो फ्रेम करून मी शाळेत नेला. आबा नेहमीसारखे ऑफिसच्या दाराशी स्टुलावर बसले होते. अंगावर खाकी. त्या आठ दिवसांत घरात आम्ही फोटोबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. आईने विचारलं तेव्हा आबा म्हणाले होते, “मानसं लई झाली,” आणि ताटावरून उठले होते. मी रोज ठरवायचो की आज बोलायचं, आणि रोज काहीतरी काम काढून घराबाहेर पडायचो.

निकम सरांनी कागद फाडला. फोटो दोन्ही हातांत धरून लांबून बघितला. आधी खूश झाले. मग त्यांचं बोट डाव्या टोकाशी थांबलं.

“हा पोपट कसा राहिला? मी तुला काय सांगितलं होतं?” बोट दुसऱ्या टोकाला गेलं. “आणि ज्ञानू कुठंय? प्रल्हाद, ज्ञानू कुठंय?”

मी काय सांगणार होतो, हे मला आजही माहीत नाही. कदाचित खरं सांगितलं असतं. असं म्हणायला आवडतं मला.

“सर,” दारातून आबा म्हणाले. ते कधी उठून आत आले ते मला कळलं नव्हतं. हातात घंटेची हातोडी होती. “सर, त्या क्यामेऱ्यात काचंत उलटं दिसतं. डावं ते उजवं आन उजवं ते डावं. तुमी सांगिटलं ह्याला काढ, पोराचा घोळ झाला, हात भलतीकडंच केला. मी काचंत बघितलंय ना सकाळी. लई घोळाचं काम हाय ते.”

निकम सरांनी माझ्याकडे बघितलं. “खरं का रे?”

आबा माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

“हो, सर,” मी म्हणालो. “उलटं दिसतं.”

सर चिडले, मग हळहळले, मग हसलेही. म्हणाले, ज्ञानू, नशीबच तुझं, पोटचा पोरगा फोटोवाला आणि तूच राहिलास. आबाही हसले. पुन्हा काढू म्हणाले सर, पण पाहुणे पांगलेले, अध्यक्ष मुंबईला. फोटो तोच लागला.

बाहेर व्हरांड्यात मी म्हणालो, “आबा...”

“घंटंची येळ झाली,” ते म्हणाले, आणि त्यांनी पाचवा तास दिला.

गोष्ट गावभर झाली. मी पुण्याला गेलो, तरी सुट्टीला आलो की कुणी ना कुणी काढायचंच. चहाच्या टपरीवर, देवळात, लग्नात. आबा ती स्वतःच सांगायचे, रंगवून, मी काचेत कसा गोंधळलो आणि पोपटशेठ आयुष्यभरासाठी शाळेच्या ऑफिसात कसा जाऊन बसला. लोक पोट धरून हसायचे. मी मान खाली घालून हसायचो. ‘झोपेतनं उठवून इचारलं तरी चुकायचो न्हाई’ हे मी त्यांना सांगितलं होतं, हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. कधी वाटायचं ते विसरले असतील. त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय, की आता त्यांना ते खरंच वाटत असेल. त्या आशेवर मी चार वर्षं काढली.

चौथ्या वर्षी आबा डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला आले. दवाखान्यातून येताना मी त्यांना स्टुडिओ दाखवायला नेलं. अंगावर तोच कोट. परचुरे बाहेर काउंटरवरच होते. मी आदल्या रात्रीपासून जीभ सैल करून ठेवली होती.

“हे माझे वडील,” मी म्हणालो. “आमच्या शाळेत शिपाई होते.”

काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. परचुरे उठले, त्यांनी नमस्कार केला, स्वतःची खुर्ची आबांच्या पुढे ओढली आणि चहा सांगितला. एवढंच. एवढ्याच्याच भीतीने मी ते केलं होतं, आणि भिण्यासारखं एवढंही त्यात नव्हतं.

मग परचुरे आबांच्या तोंडाकडे निरखून बघायला लागले. “आपण भेटलोय का हो कुठेतरी? तुम्हाला बघितल्यासारखं वाटतंय. विट्याला, त्या संमेलनात...”

आबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

“न्हाई, साहेब,” ते म्हणाले. “त्या दिशी मी न्हवतो. आजारी हुतो.”

यात नाहीत, असं मी म्हणालो होतो. आज आले नाहीत का, असं परचुऱ्यांनी विचारलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर आबांनी आता, चार वर्षांनी दिलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वीतभर अंतरावरून एकूणएक शब्द ऐकला होता आणि छत्री हलू दिली नव्हती. मी तिथे उभा राहू शकलो नाही. “आतला स्टुडिओ दाखवतो,” म्हणालो आणि त्यांना आत नेलं.

आत कुटुंबांच्या फोटोंसाठी एक लांब बाक होता. “बसा, आबा. तुमचा एक फोटो काढतो.”

“आता ह्या वयात?”

“बसा.”

मी मामिया तिकाटण्यावर चढवला. कपाटातून एकशे पस्तीसची लेन्स काढली आणि बसवली. तारेची कडी दोनदा निसटली.

“ही कंची?” आबांनी विचारलं. “समदी मावत्यात ती?”

“न्हाई. ही एकट्या मानसाची.”

ते बाकाच्या अगदी टोकाला बसले होते. सवयीने. रिकाम्या बाकावर मधली सगळी जागा सोडून एका कडेला, दोन्ही पाय जुळवून, कोटाची बटणं लावून. मी काचेवर वाकलो. त्या लेन्समध्ये तसं थोडंच मावतं. त्यांचा चेहरा अर्धा आत होता, अर्धा बाहेर. आणि मग तो मला नीट दिसेना. काचेवर टपकन थेंब पडला तेव्हा मला कळलं, की मी रडतोय. मी बाहीने काच पुसली. ती आणखी पुसट झाली.

“आबा, जरा मधी सरका,” मी खाली बघतच म्हणालो, आणि हाताने दिशा दाखवली.

ते सरकले. काचेतून त्यांचा चेहरा गेला. आता नुसता एक गुडघा दिसत होता आणि काळ्या बाहीचं टोक. मी पुन्हा हाताने दाखवलं, तसंच, आणखी सरका. बाक करकरला. काच पूर्ण रिकामी झाली.

मी मान वर केली. आबा बाकाच्या कडेवर कसेबसे टेकून होते, अर्धे बाहेर, एक हात जमिनीकडे. पडतच होते, पण मी सांगितलं म्हणून सरकले होते. माझ्या तोंडाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. हसले नाहीत, रागावले नाहीत.

“परल्हाद,” ते म्हणाले, “आता मातूर खरंच चुकलास बघ.”

आणि स्वतःच उठून बाकाच्या मधोमध येऊन बसले.